देवी झोपून उठते त्या पहाटे

कोजागरीला सगळं सोलापूर जागं असायचं आणि आमच्या घरात आई झोपलेली असायची. गल्लीत गच्चीगच्चीवर दूध आटायचं, केशर-चारोळीचा वास जिन्यात उतरायचा, पोरं मध्यरात्रीपर्यंत भेंड्या लावायची. आई मात्र संध्याकाळी सातला जी आडवी व्हायची ती उजाडेपर्यंत कूस बदलायची नाही. तिला उठवायचं नाही, असा वडिलांचा दंडक होता. आदल्या रात्री ती तुळजापूरला चालत गेलेली असायची.

सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. आश्विन शुद्ध चतुर्दशीच्या संध्याकाळी निघायचं, रात्रभर चालायचं आणि पौर्णिमेच्या सकाळी भवानीच्या दारात उभं राहायचं. आईनं हे २९ वर्षं केलं. दोन वर्षांपूर्वी तिच्या गुडघ्यांनी जिना चढायचंही नाकारलं आणि वारी थांबली. यंदा दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तिचा मला पुण्याला फोन आला.

"तू जातीस का गं? माझी ओटी तेवढी नेऊन घाल."

आईनं माझ्याकडे आजवर काही मागितल्याचं मला आठवत नव्हतं. मी लगेच हो म्हटलं. फोन ठेवल्यावर कागदावर अंतर लिहिलं आणि त्याच्याकडे बघत बसले.

चतुर्दशीच्या सकाळी सोलापूरला पोचले तर आईनं सगळी तयारी मांडून ठेवली होती. हिरवी इरकली साडी, खण, नारळ, हळकुंडं, सुपाऱ्या, खारका, बदाम, हिरव्या बांगड्या, तांदळाची पुरचुंडी, हळदीकुंकवाच्या पुड्या. हे सगळं एका जुन्या कापडी पिशवीत, आणि ती पिशवी पाठीवर नाही, पोटाशी धरायची. ओटी पाठीला लावायची नाही, हे तिनं दोनदा सांगितलं.

मग तिनं मला समोर बसवून चालायला शिकवलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. पायाच्या बोटांच्या बेचक्यात खोबरेल तेल चोळायचं. सुती मोजे, तेही दोन जोड, आणि पहिला जोड ओला झाला की अंगात आळस न आणता बदलायचा. नवी चप्पल, नवे बूट काही नको, वर्षभर वापरलेलं पायताणच घालायचं. पहिले दोन तास कुणी कितीही पुढे गेलं तरी भरभर पाय उचलायचे नाहीत. दहा मिनिटांच्या वर कुठे बसायचं नाही. "बसलीस की पायाचा दगड होतो. मग त्याला उठवायला देवीच यावं लागतंय." घाटाच्या आधी पोटभर खायचं नाही, नुसता चहा आणि एखादं केळं.

मी अनवाणी जावं का, असं विचारलं. ती स्वतः सगळी वर्षं अनवाणी गेली होती. तिनं माझ्या तळव्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "माझं नवस होतं. तुझं काय आहे? देवीला तुझे फोड नकोत, तू पाहिजेस."

ते नवस कशाचं होतं ते मला ठाऊक आहे. वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा मी पाचवीत होते. शहरातल्या हजारो घरांचं झालं तेच आमचं झालं. आईनं तवा हातात घेतला. ज्वारीच्या कडक भाकरी करून ती दुकानांना द्यायची. पहाटे साडेतीनला चूल पेटायची आणि मी शाळेतून येईपर्यंत थापण्याचा आवाज चालू असायचा. पापडासारखी पातळ भाकरी आधी तव्यावर शेकायची आणि मग मंद आचेवर कडकडीत होईपर्यंत वाळवायची. महिनाभर टिकते. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोकं आजही गुळगुळीत आहेत, ठसे उमटत नाहीत. रेशनच्या दुकानात अंगठा लावताना त्रास होतो.

वर्षाचे ३६५ दिवस हा तवा तापायचा, कोजागरीचे दोन दिवस सोडून.

तुळजापूरच्या देवीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय ही वारी कळणार नाही. बहुतेक देवळांतली मूर्ती एकदा बसवली की जागची हलत नाही. तुळजाभवानीची मूर्ती मात्र चल आहे. गंडकी शिळेतली, अष्टभुजा, महिषासुराला मारणारी ही मूर्ती वर्षातून तीन वेळा सिंहासनावरून उतरवतात आणि शेजघरात पलंगावर निजवतात. नवरात्राच्या आधी भाद्रपदात असते ती घोर निद्रा. पौषातल्या शाकंभरी नवरात्राच्या आधी मोह निद्रा. आणि दसऱ्यापासून कोजागरीपर्यंत श्रम निद्रा. सगळी मिळून २१ दिवसांची झोप. देवीच्या गाद्यांसाठी कापूस निवडायला आराधी, म्हणजे देवीच्या सेवेला वाहिलेल्या बायका बसतात, गाद्या नव्यानं भरल्या जातात. दसऱ्याचं सीमोल्लंघन होतं ते नगर जिल्ह्यातून आलेल्या पालखीतून, आणि ती निजते तो पलंगही तिकडूनच आलेला असतो. झोपेच्या दिवसांत अभिषेक बंद. भाविक येतात, निजलेल्या देवीला हात जोडतात आणि आवाज न करता पुढे सरकतात.

श्रम निद्रा. नऊ दिवस महिषासुराशी लढून देवी दमली आहे, म्हणून तिला पाच दिवस झोपू द्यायचं. तिनं दमू नये अशी अपेक्षा कुणी ठेवलेली नाही. दमणं हे देवीपणाला कमीपणा आणणारं कुणाला वाटलेलं नाही. उलट तिच्या दमण्याला नाव दिलं, तिथी दिली, गादी दिली. मी लहान असताना आईला विचारलं होतं की नवरात्रातच का जात नाहीस, तेव्हा किती थाट असतो. ती म्हणाली होती, "तेव्हा ती कामात असती. मी ती झोपून उठली की जाते. झोप झाल्यावर माणसाचं तोंड कसं दिसतंय, ते बघायला."

संध्याकाळी पाचला रूपाभवानीच्या देवळातून आम्ही निघालो. सोलापूरकर वाटेला लागायच्या आधी या देवीला सांगून निघतात. आमच्या गल्लीतल्या सात बायका होत्या, वहिनी होती, आणि सगळ्यात पुढे ६३ वर्षांच्या एक मावशी, ज्या आईबरोबर बावीस वर्षं चालल्या होत्या. त्यांनी माझ्या पोटाशी धरलेली पिशवी बघितली, ओळखली आणि तिला हात लावून नमस्कार केला.

तुळजापूर नाका ओलांडला आणि रस्त्याचं रूप बदललं. या दोन दिवसांत मोठी वाहनं दुसऱ्या वाटेनं वळवतात. जिथे एरवी ट्रकचा धुराळा असतो तिथे नजर पोचेल तिथपर्यंत माणसं. कपाळाला मळवट भरलेल्या, गळ्यात कवड्यांची माळ घातलेल्या बायका, हातात परडी. पाठीवर पोर बांधलेली माणसं. कॉलेजातली मुलं, भगवे झेंडे. अक्कलकोट, आळंद, कलबुर्गीकडून तीन-तीन, चार-चार दिवस चालत आलेले कानडी भाविक, त्यांच्या पायाला गुंडाळलेल्या चिंध्या. मागून एक आरोळी यायची, "आई राजा उदो उदो!" आणि ती पुढच्या माणसांनी उचलत उचलत अंधारात दूरवर जायची. आपण हाक दिली की ती कुठवर गेली ते ऐकू येत राहतं. मला सुरुवातीला आवाज काढायचा संकोच वाटला. मावशी म्हणाल्या, "मार की हाक. तोंड बंद ठेवून चालली की दम लागतो."

हिप्परग्याच्या तलावापाशी अंधार पडला. चतुर्दशीचा चंद्र वर आला होता, पाण्यावर चांदणं होतं आणि काठानं माणसांची काळी रांग हलत होती. इथपर्यंत पाय माझेच होते. वाटेत दर थोड्या अंतरावर मांडव होते. चहा, साबुदाण्याची खिचडी, केळी, शेंगदाण्याचे लाडू, राजगिऱ्याच्या वड्या. कुणी पैसे घेत नाही आणि नको म्हटलं तर वाईट वाटून घेतं. एका मांडवात कॉलेजची पोरं खाली बसून अनोळखी म्हाताऱ्यांचे पाय गरम पाण्यात घेऊन धूत होती, तेल चोळत होती. एक आजी संकोचून पाय मागे घेत होत्या. तो मुलगा म्हणाला, "आजी, तुम्ही मला पुण्य मिळू देईनात की ओ." मग त्यांनी पाय पुढे केला आणि डोळ्याला पदर लावला.

आईचं ऐकून मी पहिले दोन तास पाय रोखले होते. ज्या तरुण मुली आम्हाला मागे टाकून हसत गेल्या होत्या, त्या तामलवाडीच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बसलेल्या दिसल्या. त्यातल्या एकीची टाच पूर्ण सोलली होती. वहिनीनं तिला आमचा मोज्यांचा कोरा जोड दिला. पुढे आरोग्य शिबिराचा तंबू होता, तिथे तिला नेऊन सोडलं.

तामलवाडीला धाराशिव जिल्हा लागतो. रात्रीचे साडेअकरा झाले होते. अर्धी वाट संपली, असं कुणीतरी म्हणालं आणि त्याच क्षणी माझे पाय थांबले. दुखत होते म्हणून नाही. जेवढं चाललो तेवढंच अजून चालायचं, हे डोक्यात शिरलं आणि पायातला जीव गेला. डाव्या पावलाखाली फोड आला होता, प्रत्येक पावलाला तो सरकल्यासारखा वाटायचा. मांड्या आतून थरथरत होत्या. मी बसले. दहा मिनिटांचा नियम मोडला, वीस मिनिटं झाली, आणि आईनं सांगितलं होतं तेच झालं. पायाचा दगड झाला. उठता येईना.

मी वहिनीला म्हटलं, "तुम्ही चला, मी सकाळी गाडीनं येते. ओटी तुम्ही घ्या."

ती पिशवी तिच्या हातात द्यायला लागले तेव्हा मावशी मागे वळून आल्या. त्या माझ्याशेजारी बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "तुझी आई हितंच बसायची. दरवर्षी. हितं बसून म्हणायची, आता काय मी येत नाही, तुम्ही जावा." मी वर बघितलं. "मग?" "मग काय. मी म्हणायची, बरं, राहा. आणि चालायला लागायची. थोड्या वेळानं मागं पावलं वाजायची."

असं म्हणून त्या खरंच चालायला लागल्या.

आई कधी म्हणून तक्रार न करणारी बाई. ती दरवर्षी इथे हरत होती, हे तिनं आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं. मी हातांवर जोर देऊन उठले. पहिली वीस-पंचवीस पावलं डोळ्यांत पाणी आणणारी होती. मग पाय हळूहळू तापले आणि दुखणं मागे पडलं, गेलं नाही, पण माझ्याबरोबर चालायला लागलं.

मध्यरात्रीनंतर चंद्र पाठीशी गेला आणि आमच्या सावल्या पुढे आल्या. बोलणं थांबलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तुरीची शेतं, काढून ढीग लावलेलं सोयाबीन, ओल्या मातीचा वास. कुठेतरी संबळ वाजत होतं. आराधी बायकांचा एक घोळका पोत पाजळून गात चालला होता, त्यांच्या तालात पावलं टाकली की चालणं सोपं जायचं. माळुंब्र्याला चहा घेतला. आईच्या सांगण्याप्रमाणे एकच केळं खाल्लं. एका कानडी आजीनं स्वतःच्या चादरीवर जागा करून "बा, बा" म्हणत मला बोलावलं. पाच मिनिटं आम्ही एकमेकींचे पाय बघत बसलो. तिला मराठी येत नव्हतं, मला कानडी. निघताना तिनं माझ्या कपाळाला तिच्या मळवटातलं कुंकू लावलं.

घाट लागला तेव्हा चार वाजून गेले होते. तुळजापूर बालाघाटच्या डोंगरावर आहे. सोलापूरच्या सपाटीवरून रात्रभर आल्यावर शेवटचा चढ येतो, तो एरवी गाडीतून जाणवतही नाही. पायी तो अंगावर येतो. वळणावळणावर माणसं बसलेली, काही जण काठी टेकून उभ्याउभ्या झोपलेले. एक तरुण बाई लोटांगण घालत वर चालली होती, तिच्यापुढे तिचा नवरा रस्त्यावरचे खडे वेचत होता. तो एकही खडा सोडत नव्हता. त्या दोघांकडे बघून माझ्या फोडाचं मला भान राहिलं नाही.

घाट निम्मा चढलो असू, तेवढ्यात पुढून आवाज आला. कुणाच्या तरी मोबाइलवर गावातून फोन आला होता. "बसली गं बया! सिंहासनावर बसली!" पौर्णिमेच्या पहाटे देवीला पलंगावरून उठवून सिंहासनावर बसवतात, ते नुकतंच झालं होतं. बसलेली माणसं उठून उभी राहिली. झोपलेली जागी झाली. घाटाच्या वरच्या वळणापासून खालच्या वळणापर्यंत एकच आरोळी घुमली, "आई राजा उदो उदो! सदानंदीचा उदो उदो!" मावशींनी हात जोडले, आणि तान्ह्या बाळाशी बोलावं त्या आवाजात म्हणाल्या, "उठलीस का बाई? झाली का झोप?"

मी रडले. लाज वाटली नाही.

घाटशिळेच्या देवळापाशी पाच मिनिटं थांबलो. वनवासात सीतेला शोधत निघालेल्या रामाला देवीनं इथे वाट दाखवली, अशी कथा आहे. देवीला ओळखून राम म्हणाला, "तू का आई?" आणि त्यावरून ती तुकाई झाली. खुद्द तुळजा हे नावही असंच धावण्यातून आलेलं. कर्दम ऋषींची पत्नी अनुभूती तप करत असताना कुकुर दैत्यानं तिला छळलं, तिनं देवीचा धावा केला, देवी त्वरेनं आली म्हणून त्वरिता, त्याची तुरजा, तुळजा. हाकेला धावून येणाऱ्या देवीकडे आपण मात्र एकेक पाऊल मोजत जातो. पण घाटशिळेवरून खाली बघितलं तेव्हा आम्ही आलो तो रस्ता फटफटलेल्या उजेडात दूरपर्यंत दिसत होता आणि त्यावर अजून माणसं येत होती. एवढ्या लांबून मी आले, हे मला तेव्हाच पटलं.

गावात शिरताना सात वाजले. आमच्या घराण्याचे पुजारी आहेत, पिढ्यान्‌पिढ्या आमचे लोक त्यांच्याकडेच उतरतात. काकांनी दारातच विचारलं, "आई नाही आली?" मी गुडघ्यांचं सांगितलं. ते आत गेले, गरम पाण्यानं भरलेलं घमेलं घेऊन आले आणि म्हणाले, "पाय घाला यात. मीठ टाकलंय. त्या दरवर्षी याच पायरीवर बसायच्या." चहा झाला, आंघोळ झाली. फोडावर पट्टी बांधून रांगेत उभी राहिले.

पौर्णिमेची धर्मदर्शनाची रांग किती लांब असते ते सांगून कळायचं नाही. आम्हाला साडेपाच तास लागले. मी एवढंच सांगेन की रात्रभर चाललेल्या माणसाला उभं राहणं चालण्यापेक्षा जड जातं. पाय आळीपाळीनं हलवत राहावेत, पाणी घोटघोट प्यावं आणि म्हाताऱ्या माणसाला कठड्याची बाजू द्यावी. मध्येच रांग खुंटली की कुणीतरी उदोकार करायचं आणि अर्धमेली माणसं त्याला उत्तर द्यायची.

महाद्वारातून आत गेलं की तुळजापूरचं देऊळ वर चढत नाही, खाली उतरतं. एवढा डोंगर चढून यायचं आणि मग पायऱ्या उतरून आईपाशी जायचं. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, दगडी ओवऱ्या, निंबाळकर दरवाजा, मग प्रांगणातलं होमकुंड. सगळीकडे कुंकू. पायरी, भिंत, हात, लोकांच्या पाठी, सगळं लाल आणि पिवळं. सोलापूरहून आलेल्या मानाच्या काठ्या कळसाकडे उंच धरलेल्या दिसत होत्या. पौर्णिमेचा छबिना, म्हणजे देवीची मिरवणूक, त्यांच्यासह निघतो. संबळाचा आवाज दगडी भिंतींत कोंडून छातीत वाजत होता.

गाभाऱ्यासमोर किती वेळ मिळाला? आठ-दहा सेकंद. मी काय मागायचं ते ठरवून गेले होते. आईचे गुडघे, मुलाचं शिक्षण, घराचं कर्ज. समोर आले आणि त्यातलं काही आठवलं नाही. चांदीचं सिंहासन, भरजरी साडी, दागिने, मळवट, आणि त्यात ती काळी शिळा. मी फक्त तोंड बघितलं. आई ते बघायला यायची म्हणून. पाच दिवस झोपून उठलेलं तोंड. मला ते ताजं दिसलं, असं मी शपथेवर सांगते. ओटी पुजाऱ्यांच्या हाती दिली, आईचं नाव घेतलं, आणि मागच्या माणसांच्या रेट्यानं बाहेर आले. हातात नारळ आणि कुंकू परत मिळालं होतं.

बाहेर चिंतामणी आहे, हा एक गोल गुळगुळीत दगड. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही तळवे टेकायचे. दगड उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे फिरला तर नकार, आणि जागचा हलला नाही तर कामाला वेळ लागणार. इथे खूप गर्दी होती. गिरणी बंद पडली त्या वर्षी आईनं यावर हात ठेवून विचारलं होतं, ह्यांचं काम परत सुरू होईल का? दगड हललाच नाही. आईनं ही गोष्ट मला माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री सांगितली होती. "हलला असता उजवीकडं, तर मी वाट बघत बसले असते. डावीकडं हलला असता तर खचले असते. तिनं मला काहीच सांगितलं नाही. मग मी घरी आले आणि पीठ मळलं."

माझा नंबर आला तेव्हा मी दगडावर तळवे टेकले. प्रश्न विचारला नाही. जिथे तिचे हात होते तिथे हात ठेवून आले.

काकांकडे पुरणपोळीचा नैवेद्य झाला, पंगत झाली. जेवताना मान पुढे पडत होती. निघताना त्यांनी वेगळी बांधलेली कुंकवाची पुडी दिली आणि म्हणाले, "आईंना सांगा, त्यांची पायरी आहे. पुढच्या वेळी गाडीनं या म्हणावं, देवी काय किलोमीटर मोजत नाही." एसटीत खिडकीशी जागा मिळाली. जिथे रात्री बसले होते ती तामलवाडीच्या पुढची जागा बघायची, असं ठरवलं होतं, पण घाट उतरायच्या आधीच डोळा लागला.

घरी पोचले तेव्हा सहा वाजले होते. आई दारात उभी होती. तिनं आधी माझे पाय बघितले, मग पिशवी. नारळ डोक्याला लावला, पुडी सोडून कुंकू स्वतःला लावलं, मला लावलं, उंबऱ्याला लावलं. मी तिला सांगायला सुरुवात केली, हाकेचं, घाटाचं, खडे वेचणाऱ्या नवऱ्याचं. सांगता सांगता भिंतीला टेकले. तिनं कधी उशी आणली, कधी अंगावर चादर घातली, मला कळलं नाही.

मध्येच कधीतरी दुधाचा वास आला. केशराचा, वेलदोड्याचा. आमच्या घरात पहिल्यांदा कोजागरीचं दूध आटत होतं. डोळे उघडत नव्हते. कडी वाजली, बायकांची कुजबुज आली, कुणीतरी मोठ्यानं हसलं आणि लगेच आईचा दबलेला आवाज आला.

"हळू गं. पोरगी चालून आलीय."